जपून घसरा!

रस्त्यावरची पाटी हा लेखनाचा प्रकार आकाराने लहान, पण जबाबदारीने मोठा. पुढे पूल मोडला आहे, पाणी खोल आहे, जिना निसरडा आहे, एवढेच तिला सांगावयाचे असते. पण तेच चुकीचे सांगितले गेले, तर वाचणाऱ्याच्या जिवावर बेतते. गावच्या माणसाला पाटी चुकली तरी फारसे बिघडत नाही. त्याला वाट ठाऊक असते. दूरच्या मुलुखातून आलेल्या पाहुण्याला मात्र पाटीवाचून दुसरा आधार नसतो.

चीनने १९७८ पासून परदेशी व्यापाऱ्यांना आणि प्रवाशांना आपली दारे हळूहळू उघडली. तेव्हापासून चिनी अक्षरांखाली इंग्रजी मजकूर लिहिण्याची रीत तेथील स्थानकांत, उद्यानांत आणि उपाहारगृहांत पसरत गेली. हेतू आतिथ्याचा होता. परंतु पाटी रंगवणाऱ्याला इंग्रजी येत असेच असे नाही, आणि दुकानदारालाही ते बहुधा येत नसे. मग शब्दकोश उघडावा, एकेका चिनी शब्दापुढे दिलेला इंग्रजी शब्द उचलावा आणि ते सारे ओळीने मांडावेत, असा सोपा मार्ग पुष्कळांनी धरला. त्यातून जे इंग्रजी निपजले, ते वाचून प्रवासी पोट धरधरून हसले. त्या चुका हसण्याजोग्या आहेत यात संशय नाही. पण त्या कशा घडल्या हे पाहू लागले, म्हणजे हसण्याबरोबर शिकण्याजोगेही पुष्कळ हाती लागते.

या चुकांमध्ये सर्वांत प्रसिद्ध झालेली पाटी ओल्या फरशीपाशी ठेवण्यात येई. तिच्यावरील इंग्रजी शब्दांचा अर्थ होता, ‘जपून घसरा आणि पडा.’ मूळ चिनी पाटीत अवघी चार अक्षरे आहेत. त्यांचा उच्चार साधारणपणे ‘शियाओ शिन दी ह्वा’ असा होतो. ‘शियाओ’ म्हणजे लहान आणि ‘शिन’ म्हणजे हृदय. पण ही दोन्ही अक्षरे एकत्र आली, की त्यांचा अर्थ ‘सांभाळा’ असा होतो. ‘दी’ म्हणजे जमीन आणि ‘ह्वा’ म्हणजे निसरडी. ‘सांभाळा, जमीन निसरडी आहे,’ इतका साधा इशारा त्या पाटीत आहे.

मग घोटाळा कोठे झाला? तो तिसऱ्या अक्षराने केला. हेच अक्षर चिनी भाषेत आणखी एका कामी येते. तेव्हा त्याचा उच्चार ‘द’ असा होतो आणि त्याच्या योगाने मागील शब्दाचे क्रियाविशेषण बनते. मराठीत ‘सावध’ या शब्दाला ‘पणे’ जोडून आपण ‘सावधपणे’ हा शब्द करतो, तसाच हा प्रकार. शिवाय ‘ह्वा’ या शब्दाचा अर्थ ‘निसरडे’ असा होतो, तसाच ‘घसरणे’ असाही होतो. तिसरे अक्षर चौथ्याशी न जोडता मागच्या दोघांशी जोडले, की ‘सांभाळा, जमीन निसरडी आहे’ या वाक्याचे ‘सावधपणे घसरा’ असे वाक्य होते. एकही अक्षर बदलले नाही. केवळ त्यांची जोडणी बदलली.

चिनी लेखनात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याची पद्धत नाही. अक्षरे एकापुढे एक येत राहतात. कोणता शब्द कोठे संपला, हे वाचकाने सरावाने ओळखावयाचे असते. चिनी माणूस येथे क्षणभरही अडखळत नाही, कारण समोरची ओली फरशी त्याला दिसत असते. ज्याच्यापुढे केवळ कोश आहे, तो मात्र फसतो. आपल्याकडेही अशी फसगत होऊ शकेल. ‘आजीवन सभासद’ म्हणजे जन्मभराचा सभासद. पण मराठी न जाणणाऱ्या कोणी या शब्दांची फोड ‘आजी, वन, सभासद’ अशी केली, तर वनात राहणारी एखादी आजी संस्थेची सभासद झाल्याचे वृत्त तो आपल्या देशबांधवांना कळवील!

नदीकाठच्या पाट्यांची गतही अशीच झाली. चिनी भाषेत ‘सांभाळा’ या शब्दानंतर संकटाचे नाव क्रियापदाने सांगण्याची रीत आहे: ‘सांभाळा, नदीत पडणे,’ म्हणजे ‘नदीत पडाल, सांभाळा.’ शब्दाला शब्द ठेवला गेला आणि इंग्रजी वाचणाऱ्या पाहुण्याला आज्ञा झाली, ‘सावधपणे नदीत पडा.’ इशाऱ्याची अशी आज्ञा झाली. शब्द सारे खरे होते. वाक्य मात्र उलटे झाले.

उपाहारगृहांतील पदार्थांच्या याद्यांनी तर या विनोदात मोठीच भर घातली. ‘लाल भाजलेले सिंहाचे डोके’, ‘झाडावर चढणाऱ्या मुंग्या’, ‘नवराबायकोच्या फुप्फुसाचे काप’ अशी नावे वाचून एखादा भुकेला प्रवासी आल्या वाटेने परत फिरला, तर त्याला दोष कोण देईल? परंतु या प्रत्येक नावामागे काही हकीकत आहे. यांगचौ नगराच्या परिसरातील पाककलेत खिम्याचे मोठे गोळे कोबीच्या पानांसह शिजवतात. गोळा म्हणजे सिंहाचे डोके आणि पाने म्हणजे त्याची आयाळ, अशी ती कल्पना. ‘झाडावर चढणाऱ्या मुंग्या’ म्हणजे शेवयांना चिकटलेले खिम्याचे बारीक कण. त्यांत मुंगीही नाही आणि झाडही नाही. ‘नवराबायको’ हे चंग्तू नगरातील एक दांपत्य. १९३० नंतरच्या दशकात ते मांसाचे स्वस्त, पातळ काप तिखट रश्शात घालून विकत असे. ‘टाकाऊ’ आणि ‘फुप्फुस’ या अर्थांचे चिनी शब्द उच्चाराने सारखे आहेत. म्हणून ‘टाकाऊ भागांचे काप’ या अशोभन नावाऐवजी लोक ‘फुप्फुसाचे काप’ लिहू लागले, असे सांगतात. आज त्या पदार्थात फुप्फुस बहुधा नसते, पण नाव राहिले आहे.

त्याच चंग्तू नगरात एकोणिसाव्या शतकात चन नावाच्या घराण्यातील एक स्त्री सोयाबीनच्या दह्यासारख्या वड्यांचा झणझणीत पदार्थ करी. तिच्या तोंडावर देवीचे व्रण होते, अशी आख्यायिका आहे. ‘मा’ म्हणजे व्रण आणि ‘पो’ म्हणजे वयस्क बाई. त्यावरून त्या पदार्थाला ‘मापो’ हे नाव पडले. चिनी माणसाला त्या नावात जुनी ओळख आणि जिव्हाळा वाटतो. शब्दशः भाषांतरात मात्र ‘व्रण असलेल्या म्हातारीच्या वड्या’ होतात आणि खाणाऱ्याची वासना मरते. तिंग पाओचन नावाचा एक अधिकारी त्याच शतकात सछ्वान प्रांताचा राज्यपाल होता. त्याला ‘गोंगपाओ’ म्हणजे राजकुमाराचा पालक अशी मानाची पदवी होती. त्याच्या आवडीच्या कोंबडीच्या पदार्थाला लोकांनी तीच पदवी दिली. पुढे एका यादीत ही पदवी पदवी म्हणून ओळखलीच गेली नाही आणि इंग्रजीत तो पदार्थ झाला ‘सरकारी जुलमाची कोंबडी’! ज्या अधिकाऱ्याच्या गौरवासाठी नाव ठेवले, त्याच्याच माथी जुलमाचा आरोप आला.

असा विनोद केवळ चिनी पदार्थांच्याच वाट्याला येईल असे नाही. आपले थालीपीठ शब्दशः भाषांतरात ‘ताटातले पीठ’ होईल आणि परदेशी पाहुणा कोरड्या पिठाची वाट पाहत बसेल. तेव्हा प्रश्न असा, की अशा नावांचे करावे काय? येथे हसण्यापलीकडचे कारण आहे. पाहुण्याला ताटात काय आहे हे कळले पाहिजे. कोणी मांस खात नाही, कोणाला मासा वर्ज्य असतो, कोणाला शेंगदाणे बाधतात. सछ्वान प्रांतात ‘मत्स्यगंधी वांगी’ नावाचा पदार्थ करतात. त्यात मासा नसतो. माशाबरोबर वापरावयाचा मसाला तेवढा असतो. उलट, ‘झाडावर चढणाऱ्या मुंग्या’ या नावात मांसाचा उल्लेख नाही, पण पदार्थात ते असते. म्हणजे नावाचे भाषांतर अचूक झाले तरीही पाहुणा फसू शकतो. चांगला भाषांतरकार अशा वेळी नावाला चिकटून न राहता पदार्थ कशाचा आहे, कसा शिजवला आहे, हे सांगतो. आणि ‘मापो’सारखे जे नाव जगात रूढ झाले आहे, ते तसेच ठेवतो.

२००८ साली बीजिंग येथे ऑलिंपिक क्रीडासामने भरावयाचे होते. त्याआधी तेथील शासनाने पाट्या आणि खाद्यपदार्थांच्या याद्या सुधारण्याची मोठी मोहीम काढली. दोन हजारांहून अधिक पदार्थांची इंग्रजी नावे सुचवणारे पुस्तक त्या निमित्ताने तयार झाले. सुधारणेची गरज किती होती, हे त्या नगरातील एका उद्यानाच्या पाटीवरून दिसे. चीनमध्ये शासनाने मान्य केलेले ५६ जनसमूह आहेत. त्यांची घरे, पोशाख आणि कला लोकांना कळाव्यात, त्यांच्याविषयी आदर वाढावा, यासाठी ते उद्यान उभारलेले. पण पाटीवरच्या इंग्रजी शब्दांचा अर्थ होता, ‘वंशद्वेष्ट्यांचे उद्यान.’ ज्या विचाराच्या विरोधात ते उभे होते, त्याचेच नाव त्याच्या दारावर लागले! पुढे शांघाय येथे २०१० साली जागतिक प्रदर्शन भरले. त्यापूर्वी तेथील स्वयंसेवकांच्या साहाय्याने दहा हजारांहून अधिक फलक सुधारण्यात आले. २०१७ साली तर चीनने सार्वजनिक जागांवरील इंग्रजीसाठी राष्ट्रीय नियमच जाहीर केले. त्यांत साडेतीन हजारांहून अधिक शब्दप्रयोगांची मान्य भाषांतरे दिलेली आहेत.

माणसाच्या चुकांना पुढे यंत्रानेही हातभार लावला. लिपी शिकण्यास सोपी व्हावी म्हणून चीनने १९५६ साली एक योजना जाहीर केली. तीत ‘कोरडे’ आणि ‘करणे’ या अर्थांच्या दोन निरनिराळ्या अक्षरांऐवजी एकच सोपे अक्षर ठरवण्यात आले. मराठीत ‘कर’ म्हणजे हात, ‘कर’ म्हणजे सरकारला द्यावयाचे धन आणि ‘कर’ म्हणजे एखादी गोष्ट करण्याची आज्ञा. तरी संदर्भावरून अर्थ कळतो. चिनी वाचकालाही तो कळतो. परंतु संगणकावरील एका जुन्या कोशाला संदर्भ कळत नव्हता. सुकवलेल्या मालाच्या दुकानात ‘कोरडे’ हा अर्थ घ्यावयाचा, तेथे त्याने ‘करणे’ या अर्थाचा एक असभ्य इंग्रजी शब्द घातला, आणि तो शब्द कित्येक दुकानांच्या पाट्यांवर निर्धास्तपणे झळकत राहिला. तैवानमध्ये आणि हाँगकाँगमध्ये जुनीच अक्षरे चालू असल्यामुळे तेथे या दोन अर्थांची दोन अक्षरे अद्यापि वेगळी आहेत. एका उपाहारगृहाच्या मालकाची कथा तर याहून मजेची आहे. ‘भोजनगृह’ या चिनी शब्दाचे इंग्रजी रूप हवे म्हणून संगणकाला विचारण्यात आले. त्या वेळी यंत्रणा बिघडलेली होती. पडद्यावर तशी सूचना उमटली; तेच भाषांतर समजून ती भव्य अक्षरांत फलकावर रंगवण्यात आली. त्या भोजनगृहाचे इंग्रजी नाव झाले, ‘भाषांतरयंत्रणेत बिघाड’!

हे वाचून चिनी लोक तेवढे भोळे आणि इतर सारे शहाणे, असे कोणाला वाटेल. तो समज खोटा ठरवणारी उदाहरणे युरोपातच आहेत. ब्रिटनमधील वेल्स या प्रदेशात रस्त्यांवरील पाट्या इंग्रजी आणि वेल्श अशा दोन्ही भाषांत लिहितात. २००८ साली स्वॉन्झी येथे अवजड वाहनांना मनाई करणाऱ्या एका पाटीचा इंग्रजी मजकूर भाषांतरासाठी संगणकावरून धाडण्यात आला. लागलीच वेल्श भाषेत उत्तर आले. ते पाटीवर जसेच्या तसे छापून रस्त्यावर लावण्यात आले. वेल्श जाणणाऱ्यांनी वाचले, तेव्हा त्याचा अर्थ निघाला, ‘मी सध्या कार्यालयात नाही. भाषांतराचे काम असल्यास पाठवून द्यावे.’ त्याच वर्षी जर्मनीतील माक्स प्लांक या नामांकित विज्ञानसंस्थेच्या नियतकालिकाने चीनविषयक अंक काढला आणि शोभेसाठी मुखपृष्ठावर सुंदर चिनी अक्षरे छापली. ती निघाली एका हलक्या दर्जाच्या करमणूकगृहाची जाहिरात! संस्थेला दिलगिरी व्यक्त करावी लागली. जी भाषा आपल्याला वाचता येत नाही तीत लिहावयाची वेळ आली, की विद्वान आणि दुकानदार एकाच पायरीवर उभे असतात.

शब्दशः भाषांतर नेहमी वाईटच असते, असेही नाही. तेथील बागांत गवतावर चालू नये, हे सांगणाऱ्या कित्येक पाट्यांवर चिनीत लिहिलेले असते, ‘इवलेसे गवत झोपले आहे, कृपया त्याची झोपमोड करू नका.’ हेच इंग्रजीत आले, तेव्हा काही प्रवासी हसले. पण काहींना ते काव्य वाटले. ऑलिव्हर लुट्झ राड्टके या जर्मन लेखकाने अशा पाट्यांची छायाचित्रे जमवून २००७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. या पाट्यांत चिनी मनाची विचार करण्याची तऱ्हा दिसते, म्हणून त्या सरसकट पुसून टाकू नयेत, असे त्यांचे म्हणणे पडले. ‘गवतावर चालू नये’ ही आज्ञा आहे. ‘गवत झोपले आहे’ ही विनवणी आहे. पहिली वाचून माणूस पहारेकरी कोठे आहे ते पाहतो. दुसरी वाचून तो गवताकडे पाहतो.

एका शब्दाने तर अशा भाषांतराच्या बळावर सारे जग पादाक्रांत केले. १९४६ साली चिनी नेते माओ त्से तुंग यांनी अमेरिकन लेखिका ॲना लुईस स्ट्राँग यांना मुलाखत दिली. वरून भयंकर पण आतून पोकळ अशा शत्रूला त्यांनी चिनीत ‘कागदी वाघ’ म्हटले. दुभाष्याने इंग्रजीत त्याजागी ‘बुजगावणे’ या अर्थाचा ओळखीचा शब्द ठेवला. परंतु माओ यांना तो पटला नाही. बुजगावणे शेतात उभे राहून पाखरे हाकते, कागदाचा वाघ केवळ दिसण्यापुरता असतो. शेवटी ‘कागदी वाघ’ हेच शब्द इंग्रजीत गेले आणि तेथून जगभर पसरले. आज मराठी वृत्तपत्रांतही ‘कागदी वाघ’ सुखाने वावरतो, आणि तो मूळचा चिनी आहे, याची कोणाला आठवणही होत नाही.

मग कोणते शब्दशः भाषांतर राखावे आणि कोणते टाळावे? ‘कागदी वाघ’ वाचणाऱ्याला अर्थ कळतो आणि वर एक चित्र मिळते. ‘सावधपणे नदीत पडा’ वाचणाऱ्याला चित्र मिळते, पण अर्थ उलटा कळतो. वाचणाऱ्याला काय कळले, हीच भाषांतराची कसोटी. ज्या भाषेत लिहावयाचे, ती जाणणाऱ्या एका तरी माणसाला मजकूर दाखवावा आणि ‘यावरून तुम्हांला काय समजले?’ असे विचारावे. अलीकडची भाषांतरयंत्रे एकेक शब्द न घेता सबंध वाक्याचा विचार करतात आणि पूर्वीच्या कित्येक चुका त्यांच्या हातून होत नाहीत. तरीही हे विचारणे चुकवू नये. फरशी ओली आहे की कोरडी, हे यंत्राला दिसत नाही.

ज्या दुकानदाराने शब्दकोशातून एकेक शब्द वेचून आपल्या दारावर इंग्रजी पाटी लावली, त्याची भाषा चुकली, पण भाव चुकला नव्हता. न पाहिलेल्या पाहुण्याशी त्याच्या भाषेत दोन शब्द बोलावेत, अशी त्याची इच्छा होती. अशी पाटी वाचून हसू आले तर अवश्य हसावे. मात्र हसून झाल्यावर त्या गृहस्थाला काय म्हणावयाचे होते, तेही शोधून काढावे. जो ते शोधतो, त्याला एकाऐवजी दोन भाषांची ओळख होते.

स्वाध्याय

१. ‘जपून घसरा’ या पाटीतील चूक कशी घडली, ते आपल्या शब्दांत लिहा.

२. पदार्थाच्या नावाचे भाषांतर अचूक असूनही पाहुणा कसा फसू शकतो? पाठातील दोन उदाहरणे द्या.

३. ‘गवतावर चालू नये’ आणि ‘गवत झोपले आहे’ या दोन पाट्यांतील फरक स्पष्ट करा. तुम्हांला कोणती अधिक परिणामकारक वाटते? का?

४. ‘कर’ या शब्दाप्रमाणे एकाहून अधिक अर्थ असलेले पाच मराठी शब्द शोधा आणि प्रत्येक अर्थाचे वाक्य करा.

५. ‘कानाला खडा लावणे’, ‘हात धुऊन मागे लागणे’ आणि ‘पाण्यात पाहणे’ यांचे शब्दशः अर्थ आणि खरे अर्थ शेजारी शेजारी लिहा. मराठी न जाणणाऱ्या माणसाला ते कसे समजावून सांगाल?

६. पाठातून तीन क्रियाविशेषणे निवडा आणि ती कोणत्या शब्दांपासून झाली ते सांगा.

७. तुमच्या गावात परगावचा मनुष्य आला आहे अशी कल्पना करा. विहिरीजवळ, शाळेच्या दाराशी आणि अरुंद पुलावर लावण्यासाठी प्रत्येकी एक पाटी कमीत कमी शब्दांत लिहा. ती वर्गातील मित्राला वाचावयास द्या आणि त्याला काय समजले ते विचारा.